चकाकी आणि सपाटी

माझा जुना संगणक प्रकल्प-अहवालाचे मोठे तक्ते चालवताना तापून बंद पडू लागला. पंखा साफ केला, तरी गुण येईना. तेव्हा प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंककडे लक्ष वळले. पोलादी पट्टीची कड त्याच्या तांब्याच्या बैठकीवर उभी धरून उजेडाकडे पाहिले, तो मध्ये बारीक फट दिसली.

ही फट एवढी महाग का पडावी? तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजार पट चांगले उष्णतावाहक आहे. फटीत भरण्याची पेस्ट हवेपेक्षा बरी, पण तांब्याच्या मानाने फारच मंद. म्हणून पेस्टचा थर पातळ हवा आणि त्यासाठी बैठक सपाट हवी.

पंखा काढून ठेवला. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून पाणी व साबणाचा थेंब टाकला. बैठकीवर मार्करने चौकटी आखल्या. हीटसिंक खालून धरून, जोर न देता, सरळ रेषेत दहा वेळा ओढायचा आणि पाव वळसा फिरवायचा. सर्व रेघा गेल्या की ६००, ८००, १००० नंबर घ्यायचे. घाईत मी दाब दिला, तेव्हा एकाच कडेच्या रेघा पुसल्या. पुन्हा ४००पासून आरंभ करावा लागला.

मित्र म्हणाला, "आरशासारखे चमकव." परंतु स्टीलचा चमचाही चकाकतो, म्हणून तो सपाट ठरत नाही. शेवटी सारे धुऊन पूर्ण कोरडे केले, कारण तांब्याच्या भुकटीतून वीज वाहते.

आता जमाखर्च. त्याच खोलीत तेच काम अर्धा तास चालवले असता मूळ तापमान ९१ अंश होते. घासण्याआधी केवळ पेस्ट बदलली, तेव्हा ८६ झाले, घासल्यावर ८३. म्हणजे आठांपैकी पाच अंश पेस्टच्या खाती आणि तीनच माझ्या श्रमाच्या. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवल्या नसत्या, तर सारे श्रेय मीच लाटले असते.

वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे : घासल्यास हमी सहसा संपते, काही बैठका मुद्दाम किंचित फुगीर असतात, आणि जेथे उष्णतानळ्या थेट प्रोसेसरला टेकतात, तेथे त्यांची पातळ भिंत झिजण्याचा धोका असतो. म्हणून आधी पेस्ट बदलून पाहावी. माझा संगणक आता बंद पडत नाही, आणि अहवालही वेळेवर पुरा झाला.