संगणक अडला की आधी काय विचारावे?

मुलांनो, संगणक अडला की आपण सगळे एकच उपाय करतो. बंद करतो आणि परत चालू करतो. तो पुष्कळदा लागूही पडतो. चालू असलेले प्रोग्रॅम तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आपला पसारा मांडून बसलेले असतात. त्यातला एखादा विस्कटला की काम थांबते, आणि बंद केल्यावर ती पाटी कोरी होते. पण पाटीबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून पडद्यावर जो संदेश आला असेल तो आधी वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या, मग बटणाला हात लावा.

पेडणे तालुक्यातल्या आपल्या शाळेचा संगणक कक्ष आम्ही सांभाळतो. आठवड्यातून एकदा डिचोलीलाही याच कामासाठी जातो. मोठ्या कंपन्यांत या कामाला सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर असे भारदस्त नाव आहे. आमच्याकडे त्यात पंखा पुसण्यापासून सगळे येते. आज आमचीच एक चूक सांगतो.

२०२३ साली चवथीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच संध्याकाळपर्यंत भरायचे होते आणि कार्यालयातल्या संगणकावर अर्जाची साइट उघडेना. 'जोडणी सुरक्षित नाही' असा संदेश येत होता. व्हायरस असणार, असे आम्ही मनाशी ठरवूनच टाकले. अँटिव्हायरस फिरवला, दुसरा ब्राउझर घातला, राउटरची मांडणी बदलली. काही उपयोग होईना, तेव्हा घाईघाईत संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने घातले. तरी साइट उघडेना! तेवढ्यात अर्ज घेऊन आलेली नववीतली मुलगी म्हणाली, "सर, खाली कोपऱ्यात २०१२ साल दिसतंय."

दोष तिथेच होता. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालावे म्हणून मदरबोर्डवर नाण्याएवढी, तीन व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी असते. भिंतीतला वीजपुरवठा चालू असेल तर घड्याळ त्यावर चालते आणि बॅटरी संपली तरी कळत नाही. सुट्टीत आम्ही मुख्य स्विच बंद केला होता. घड्याळ थांबले आणि संगणक जागा झाला तो कारखान्यात ठरवून दिलेल्या जुन्या तारखेला. आता सुरक्षित साइट आपल्या संगणकाला एक प्रमाणपत्र दाखवते. ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालते. २०१२ सालात वावरणाऱ्या संगणकाला २०२३ चे प्रमाणपत्र खोटे वाटणारच. तारीख हाताने सुधारली आणि साइट उघडली. अर्ज वेळेत गेले. बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळाली.

आम्ही काय विचारायला हवे होते? पहिला प्रश्न: शेवटचे नीट चालले तेव्हापासून काय बदलले? उत्तर सरळ होते, मुख्य स्विच नऊ दिवस बंद होता. दुसरा प्रश्न: हेच काम दुसऱ्या यंत्रावर होते का? शाळेच्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये ती साइट उघडून पाहिली असती तर लाइन, राउटर आणि साइट तिन्ही निर्दोष आहेत हे एका मिनिटात कळले असते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही चार बदलल्या, त्यातली राउटरची मांडणी पूर्ववत करायला दुसरा दिवस गेला तो वेगळाच.

इंटरनेट नाही, अशी तक्रार आली तर शोध असाच टप्प्याटप्प्याने करावा. आधी संगणकाला कोणता आयपी पत्ता मिळाला ते पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तेव्हा केबल, तिची टोके आणि राउटर तपासा. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून 'ओ' येते का ते पाहा. बहुतेक ठिकाणी त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तिथून उत्तर आले तर बाहेर ८.८.८.८ ला पिंग करा. तेही उत्तर देत असेल आणि तरीही नावाने साइट उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे असे समजा. लाइनवाल्याला फोन करताना एवढे सांगितले की तोही लगेच कामाला लागतो. नुसते 'नेट नाही' म्हटले की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो.

आपल्याकडे ऋतूही ध्यानात घ्यावा लागतो. पावसाळ्यात दमटपणामुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. संगणक बीप वाजवतो, पडदा मात्र काळाच. वायर काढून ठेवावी, रॅम काढून पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या पुसाव्यात. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरात विजा कडाडू लागल्या की प्लग काढतोच, पण नेटची केबलही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही आत शिरते. डिचोलीत खाणपट्ट्याची तांबडी धूळ असते. खाणी २०१२ साली थांबल्या, मध्ये काही काळ चालून २०१८ मध्ये परत थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा काम सुरू झाले. पंख्यात धूळ दाटली की प्रोसेसर तापतो आणि संगणक अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. त्याला व्हायरस समजू नये. पेडण्यात आम्हाला एकदा पॉवर सप्लायमध्ये पाल मिळाली.

यावरून अमेरिकेतली एक नोंद आठवते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवला. दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनची, पण खरा किडा त्या दिवशी मिळाला. ती वही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपली आहे. आमच्या कक्षातही आता जाड वही आहे. तारीख, काय दिसले, काय केले, काय झाले, एवढेच तीत लिहायचे.

फॉरमॅट करताना काय गेले ते अजून सांगितले नाही. मुलांनी पौषात मांडावर जाऊन, आजीबायांकडून ऐकून धालोची साठेक गीते टंकून त्या संगणकावर ठेवली होती. दुसरी प्रत नव्हती. फॉरमॅट केल्यावर डिस्क तशीच बाजूला ठेवली असती तर पुष्कळ परत मिळाले असते. आम्ही तिच्यावर विंडोज घातले आणि जुन्या जागांवर नवे लिहिले गेले. एका जुन्या पेनड्राइव्हवर वीस-बावीस गीते निघाली, पण उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. फाइल बिघडली नव्हती. ती युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये होती. अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तोच फाँट घातल्यावर गीते वाचता आली. मग रूपांतर करून ती युनिकोडमध्ये आणली. आता एक प्रत पेडण्यात, एक डिचोलीत आणि एक छापून कपाटात आहे.

उरलेली गीते परत जमवायची आहेत. सांगणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. ज्यांच्या घरी आजी, मावशी किंवा शेजारीण मांडावर जाते त्यांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून किंवा कागदावर लिहून शनिवारी संगणक कक्षात आणावे. गाव, वाडा आणि सांगणारीचे नाव लिहायला विसरू नका. टंकायचे काम आम्ही करू.