विचारणें आणि विचारल्यासारखें करणें

इज्रेल येथील नाबोथाची कथा आपल्या शाळेंतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. शास्त्राच्या तासाला ती दरवर्षीं कोणत्या ना कोणत्या वर्गांत होतेच. राजवाड्यास लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथें भाजीपाला लावावयाचा होता. त्यानें मळा मागितला. बदल्यांत त्याहून चांगला मळा देऊं केला, तो नको असल्यास रोख मोल देऊं केलें. येथपर्यंत राजाचें वर्तन, खरें पाहतां, वाईट नव्हतें. वाडवडिलांकडून आलेली भूमि आपल्याला देतां येत नाहीं, असें नाबोथानें सांगितलें. राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडला व जेवेना. तेव्हां ईजबेल राणीनें राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाची मोहोर केली, गांवच्या वडीलधाऱ्यांची सभा भरवविली, दोन खोटे साक्षी उभे केले आणि नाबोथाला दगडमार करून ठार मारविलें.

लहानपणीं ही कथा वाचतांना आपलें लक्ष दगडमाराकडेच जातें. मोठेपणीं ती पुन्हा वाचावी, म्हणजे निराळीच गोष्ट डोळ्यांत भरते. पत्र, मोहोर, सभा, साक्षीदार, कायद्याचें सगळें साहित्य तेथें हजर होतें. मालकाची संमति तेवढी नव्हती.

विद्यार्थ्यांनीं ‘सल्ला’ व ‘संमति’ हे दोन शब्द एकदां शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. सल्ला घेणारा माणूस त्याप्रमाणें वागण्यास बांधलेला नसतो. आजोबांचा सल्ला घेऊनहि आपण पुष्कळदां आपल्या मनाचेंच करितों. संमति ही दाराच्या आंतल्या कडीसारखी आहे. आंतल्या माणसानें ती काढली तर दार उघडतें, एरवीं नाहीं. ‘नको’ हें उत्तर जेथें चालतच नाहीं, तेथें प्रश्न विचारला असें म्हणतां येत नाहीं. विचारल्यासारखें केलें, इतकेंच. धरणें, खाणी, कारखाने यांसाठीं आदिवासींच्या भूमीची मागणी होते, तेव्हां सारा वाद या दोन शब्दांमधील अंतराचा असतो.

आपल्या महाराष्ट्रांतील मुळशीची हकीकत पुष्कळांनीं ऐकली असेल. पुणें जिल्ह्यांत मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईला वीज पुरवावी, असा टाटा कंपनीचा बेत होता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पुढें सेनापति बापट यांनीं त्यापायीं तुरुंगवास भोगला. तेव्हां १८९४ चा भूमिसंपादन कायदा चालू होता. त्या कायद्याप्रमाणें मोबदला किती मिळावा याविषयीं भांडतां येई. जमीन द्यावयाची आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नसे. मालकाची हरकत ऐकून घेण्याचें कलम त्यांत १९२३ सालीं घालण्यांत आलें, आणि तेंहि ऐकून घेण्यापुरतेंच. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं.

मुळशीचे लोक शेतकरी होते आणि जमिनी कोणाच्या तरी नांवावर होत्या. ज्यांच्या नांवाची नोंदच कोठें नाहीं, त्यांची गोष्ट याहून कठीण. डोंगरांतील आदिवासींचा जंगलावरचा हक्क कागदाचा नसून वहिवाटीचा असतो. अमुक झऱ्यापासून तमुक टेकडीपर्यंतचें रान आमच्या पाड्याचें, हें सर्वांस तोंडपाठ असतें. परंतु सरकारी दप्तरांत तें रान वनखात्याचें, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणारा मनुष्य अतिक्रमण करणारा ठरतो. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेंतच हा ऐतिहासिक अन्याय असल्याचें संसदेनें कबूल केलें आहे.

त्यापूर्वीं १९९६ सालीं अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीं एक कायदा झाला होता. तो ‘पेसा’ या नांवानें ओळखला जातो. जमीन घेण्याआधीं ग्रामसभेशीं किंवा पंचायतीशीं विचारविनिमय करावा, असें त्यांत म्हटलें आहे. संमति घ्यावी, असें म्हटलेलें नाहीं. १३ सप्टेंबर २००७ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ राष्ट्रें अनुकूल, ४ प्रतिकूल व ११ तटस्थ, अशी मतें पडलीं. भारताचें मत अनुकूल पडलें. प्रतिकूल मतें देणारीं राष्ट्रें ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड व अमेरिका, म्हणजे मूलनिवासींच्याच भूमीवर बाहेरून आलेल्यांनीं जेथें राज्यें उभारलीं तीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. पुढें त्या चौघांनींहि जाहीरनाम्यास पाठिंबा दिला. या जाहीरनाम्यांत संमतीला तीन विशेषणें लाविलेलीं आहेत: ती मुक्त असावी, आगाऊ असावी, आणि पूर्ण माहिती मिळाल्यावर दिलेली असावी. जाहीरनामा न्यायालयांत कायद्यासारखा चालत नाहीं. तरी हीं तीन विशेषणें ध्यानांत ठेवावीं. पुढील हकीकतींत त्यांचा उपयोग होईल.

ओडिशा राज्याच्या नैर्ऋत्येस, रायगडा व कालाहंडी या जिल्ह्यांत, नियमगिरी नांवाची डोंगररांग आहे. तेथें डोंगरिया कोंध जमातीचे सुमारें ८००० लोक लहान लहान पाड्यांत राहतात. त्यांची भाषा कुवी. डोंगराच्या उतारावर ते भरड धान्यें पिकवितात. हळद, अननस, केळीं, संत्रीं, फणस हींहि होतात आणि खालच्या बाजारांत जातात. नियमराजा हा त्यांचा देव. या देवाला निराळें देऊळ नाहीं, डोंगर हेंच देऊळ. म्हणून माथ्यावरचें रान तोडावयाचें नाहीं असा त्यांचा दंडक आहे. माथ्यावर बॉक्साइटचा जाड थर आहे. तो सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी त्यांत मुरतें आणि झऱ्यांच्या वाटेनें उन्हाळ्यांतहि खालीं येत राहतें. वंशधारा नदी याच प्रदेशांत उगम पावते. भूगोलाच्या पुस्तकांत जें आपण दोन धड्यांत शिकतों, तें या लोकांनीं एका दंडकांत बसविलें आहे.

तोच बॉक्साइट ॲल्युमिनियम धातूचें मूळ द्रव्य आहे. वेदांता कंपनीनें डोंगराच्या पायथ्याशीं, लांजीगड येथें, वर्षास १० लाख टन ॲल्युमिना काढण्याचा कारखाना उभारला. ॲल्युमिना म्हणजे बॉक्साइट शुद्ध करून मिळणारी पांढरी भुकटी. तिच्यापासून पुढें धातु करितात. खाण मात्र राज्य सरकारच्या ओडिशा खाण महामंडळाच्या नांवें व्हावयाची होती, व तिला सुमारें ६६० हेक्टर वनभूमि लागणार होती.

आतां क्रम पाहा. कारखाना आधीं उभा राहिला. डोंगर खणण्याची अंतिम परवानगी अद्यापि मिळावयाची होती. जो पाहुणा पाट मांडून, पान वाढून घेण्यास बसला आहे, त्याला आज स्वयंपाक केलेला नाहीं असें सांगणें किती अवघड! एवढा पैसा खर्ची पडल्यावर आतां नाहीं कसें म्हणावें, या संकोचांत पुढचा प्रत्येक अधिकारी सांपडतो. ‘आगाऊ’ हें विशेषण त्या जाहीरनाम्यांत कशासाठीं आहे, तें लांजीगडचा कारखाना पाहून कळतें.

ऑगस्ट २०१० मध्यें श्री. एन. सी. सक्सेना यांच्या समितीचा अहवाल आला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें वनभूमि देण्यास नकार दिला. महामंडळ सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १८ एप्रिल २०१३ रोजीं लागलेला निकाल प्रत्येक मोठ्या विद्यार्थ्यानें समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. खाणीची जागा नियमराजाच्या शिखरापासून १० किलोमीटर दूर होती. तेव्हां तेथें खणल्यानें देवाच्या निवासास बाधा येते काय? न्यायालयानें सांगितलें कीं, हें ग्रामसभांनीं ठरवावें. आणि लोकांच्या पूजेच्या हक्कास बाधा येत असेल, तर त्या हक्काचें रक्षण झालें पाहिजे. देव कोठें राहतो याचा निर्णय न्यायमूर्तींनीं स्वतःकडे घेतला नाहीं, मंत्र्यांकडे सोंपविला नाहीं, भक्तांकडे ठेविला.

राज्य सरकारनें बारा गांवें निवडलीं. सात रायगडा जिल्ह्यांतील व पांच कालाहंडींतील. डोंगरांत शंभराहून अधिक पाडे असतां बाराच कां, अशी तक्रार त्याच वेळीं झाली, आणि ती रास्त होती. १८ जुलै ते १९ ऑगस्ट २०१३ या भर पावसाळ्याच्या दिवसांत सभा झाल्या. प्रत्येक सभेस जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे न्यायाधिकारी निरीक्षक म्हणून बसले. कांहीं पाडे इतके लहान कीं, तेथील सगळे मतदार आपल्या शाळेच्या एका वर्गांत मावावे. पुरुष उठले, तशा स्त्रियाहि उठल्या, आणि आपल्या भाषेंत देवाविषयीं, झऱ्यांविषयीं व शेतीविषयीं बोलल्या. बाराहि सभांनीं ‘नको’ म्हटलें. जानेवारी २०१४ मध्यें केंद्र सरकारनें खाणीस नकार कायम केला. पुन्हा ग्रामसभा घ्याव्या, असा अर्ज महामंडळानें २०१६ सालीं केला. सर्वोच्च न्यायालयानें मे महिन्यांत तो फेटाळला.

येथें एखादे पालक म्हणतील, “हें सगळें ठीक, परंतु विजेच्या तारा, आगगाडीचे डबे, घरांतलीं पातेलीं हीं ॲल्युमिनियमचींच ना? चार पाड्यांनीं साऱ्या देशाची वाट अडवावी काय?” हा प्रश्न खोटा नाहीं, आणि तो विचारणारा मनुष्य दुष्टहि नाहीं. मात्र बॉक्साइट पाहिजे म्हणजे याच डोंगराचा पाहिजे, असें कसें ठरलें? लांजीगडचा कारखाना नियमगिरीवांचून बंद पडला नाहीं. तो दुसरीकडून बॉक्साइट आणून चालला आहे. दुसरें असें कीं, ‘देशासाठीं त्याग’ करण्याची पाळी फिरती नसते. २०११ च्या खानेसुमारींत आदिवासींची संख्या शेंकडा ८.६ होती. प्रकल्पांमुळें उठविल्या गेलेल्या लोकांत मात्र त्यांचा वाटा, सरकारी अहवालांतील अंदाजाप्रमाणें, शेंकडा ४० च्या आसपास आहे. एकाच घरचें पान दरवेळीं उचललें जात असेल, तर त्या घरानें प्रथम ‘कां?’ म्हणून विचारावें आणि पटलें नाहीं तर ‘नको’ म्हणावें, यांत हट्ट तो कोणता?

शिवाय संमतीचा हक्क म्हणजे नकाराचाच हक्क, अशी समजूत करून घेऊं नये. तो ‘होय, पण अशा अटींवर’ असें म्हणण्याचाहि हक्क आहे. गांवांतील सर्वांचें मत एक असतेंच असें नाहीं. तरुणांना नोकरी हवी असते, म्हाताऱ्यांना देवराई हवी असते. म्हणून सभा कशी भरते याला फार महत्त्व आहे. वनहक्क कायद्याच्या २०१२ मध्यें सुधारलेल्या नियमांप्रमाणें ग्रामसभेस निम्म्याहून कमी सभासद चालत नाहींत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया लागतात.

सभा कशी भरवावी याचें उत्तम उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव आहे. “दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार,” ही त्यांची घोषणा दूरवर पोहोंचली. परंतु घोषणेपेक्षां त्यांची पद्धति अधिक शिकण्याजोगी आहे. तेथें बहुमतानें निर्णय होत नाहीं, सर्वांच्या सहमतीनें होतो. एकाचेंहि मन वळलें नसेल तर विषय पुन्हा पुढच्या सभेंत येतो. वेळ लागतो, यांत शंका नाहीं. सभेच्या जोडीला तेथें अभ्यासगट असतो. कायदा, जंगल, बांबू, हिशेब, ज्याची माहिती पाहिजे ती जाणत्यांकडून समजून घ्यावयाची, निर्णय मात्र सभेनें करावयाचा. ‘माहितीपूर्वक’ या तिसऱ्या विशेषणावर याहून चांगला धडा सांपडणें कठीण. २००९ सालीं या गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तेथील बांबू गांवानें स्वतः विकला.

कायद्याची वाट मात्र सरळ वर चढत गेली आहे, असें समजूं नये. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील जमिनीसाठीं ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अट घातली; येथें प्रथमच ‘विचारविनिमय’ हा शब्द पुरेसा मानला गेला नाहीं. उलटपक्षीं २०२२ च्या वनविषयक नियमांनीं, केंद्र सरकारनें वनभूमि देण्यास मंजुरी देण्याआधींच ग्रामसभेची संमति हातीं असली पाहिजे हा आग्रह सोडला आणि वनहक्कांची पूर्तता करून घेण्याचें काम नंतरसाठीं राज्यांकडे सोंपविलें. म्हणजे पान पुन्हा आधीं मांडलें जाण्याची भीति आहे.

नियमगिरीच्याच मुलखांत, रायगडा व कालाहंडी याच दोन जिल्ह्यांत, सिजिमाळी नांवाचा दुसरा बॉक्साइटचा डोंगर आहे. तेथील खाणीसाठीं डिसेंबर २०२३ मध्यें ग्रामसभांनीं संमतीचे ठराव केले, असें कागद सांगतात. अशा सभा झाल्याच नाहींत व ठरावांवरील सह्या आमच्या नव्हेत, अशी तेथील ग्रामस्थांची तक्रार आहे.