बाळ दिसेना, पण पाय दिसले!

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीच्या एका चित्रात मध्ये काळोख आणि दोन्ही बाजूंना रंगीत झोत दिसतात. मधला तारा म्हणे दिसतच नाही. मग तो तिथे आहे हे कशावरून?

उत्तर : तुम्ही पाहिलेले चित्र बहुधा सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘हर्बिग-हारो २११’चे असावे. ययाती तारकासमूहातले हे ठिकाण सुमारे हजार प्रकाशवर्षे दूर आहे. मधल्या ताऱ्याचे वय फार तर काही दशसहस्र वर्षे आणि वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ८ टक्के. अजून अंगाने भरतोच आहे म्हणा ना.

तो धुळीच्या दाट वेष्टनात आहे. दृश्य प्रकाश या धुळीत अडकतो. लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश बराचसा पार होतो. पण अगदी गाभ्यापाशी धूळ इतकी दाट, की तिथे वेबचेही काही चालत नाही. दिसतात ते धुळीबाहेर आलेले झोत. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे नुसते पायच दिसतात!

हे झोत निघतात तरी का? ताऱ्याकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही, फिरत फिरत त्याची चकती होते. ही गिरकी कमी झाल्याशिवाय तो ताऱ्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. चुंबकीय क्षेत्र थोडा वायू अक्षाच्या दिशेने भिरकावून देते आणि गिरकीचा मोठा वाटा त्याच्याबरोबर जातो. हा वायू सेकंदाला ८०-१०० किलोमीटर वेगाने सुटतो आणि वाटेतल्या वायूवर आदळतो. त्या धडकेने हायड्रोजनचे रेणू तापतात आणि २.१२ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात चमकतात. आपली नजर ०.७ मायक्रॉनच्या आसपासच संपते.

आता पुरावा. दोन्ही झोत मागे ताणले की एकाच बिंदूत मिळतात आणि नेमक्या त्याच जागी रेडिओ दुर्बिणींना थंड धुळीचे उत्सर्जन सापडते. झोत किंचित नागमोडी आहे, जणू त्याचा उगमच डुलतो आहे; त्यामुळे आत एक नव्हे, दोन तारे असण्याचीही शक्यता आहे.

ज्यांचे नाव या ठिकाणाला आहे, त्या जॉर्ज हर्बिग आणि गियेर्मो हारो या खगोलशास्त्रज्ञांनी अशा झोतांच्या वाटेवरचे चमकते ठिपके सत्तरेक वर्षांपूर्वी साध्या प्रकाशात टिपले होते. ते धडकेचे डाग आहेत हे उलगडायला मात्र १९७०चे दशक उजाडले.

झोतांची अवरक्त चमक पाहायला अंतराळातच जायला हवे असेही नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने नैनितालच्या ‘एरीज’ या खगोल संस्थेसोबत उभारलेले ‘टॅनस्पेक’ हे उपकरण देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर आहे. ते २.५ मायक्रॉनपर्यंत पाहू शकते, त्यामुळे हायड्रोजनची ही चमक त्याच्याही टप्प्यात येते.