पोरं बोलती ठेवायची तर

शिर्डीत हॉटेलात कॅप्टन झालास, आता तुझ्या हाताखाली पोरं येतील. कुणी राहात्याचं, कुणी कोपरगावचं, कुणी पार परराज्यातलं. त्यांना सगळं दिसतं: कुठला गिझर शॉक देतो, कुठल्या सिलिंडरपाशी वास येतो. ते तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, हे पहिल्या वेळी तू कसा वागतोस त्यावर ठरतं. पोरगा म्हणाला, "साहेब, पनीर आंबलंय," आणि तू "आत्ता सांगतोस होय?" म्हणून खेकसलास, तर पुढचं पनीर थेट गिऱ्हाइकाच्या ताटात जाईल. आधी "बरं झालं सांगितलंस" म्हण, पनीर बाजूला काढ. बाकी चौकशी नंतर.

गुरुवारी रात्री पालखी झाली की हॉल एकदम भरतो. तेव्हा कुणाला काही विचारू नकोस. दुपारी टेबलं रिकामी असताना सगळ्यांबरोबर चहाला बस. "काही अडचण?" असं मोघम विचारलंस तर सगळे नुसत्या माना हलवतील. "काल कोण नाराज होऊन गेलं, कशानं?" असं विचार. मोरीवरच्या पोराला आधी बोलू दे. जुने वेटर सुरू झाले की त्याचं तोंड मिटतं, आणि उष्ट्या ताटात काय परत येतं ते त्यालाच ठाऊक असतं. ज्यानं सुचवलं त्याचं नाव मालकासमोर घे. जे जमणार नाही, तेही त्याला दुसऱ्या दिवशी सांग.

थोडा अधिकार सोड. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला वर न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्चायची मुभा असते. आपल्याकडे निदान गार रोटी बदलायला, रडणाऱ्या लेकराला वाटीभर दूध द्यायला पोरानं तुझी वाट बघू नये. ते पैसे त्याच्या पगारातून कापले जाणार नाहीत, हे मालकाशी आधीच ठरवून घे.

जुलाब लागलेत म्हणणाऱ्या आचाऱ्याचा खाडा धरलास, तर पुढच्या वेळी तो दुखणं लपवून कणीक मळेल. त्या दिवसाचा पगार मिळवून दे.

खोल्या साफ करणाऱ्या मावशी एखाद्या पाहुण्यानं छेड काढल्याचं सांगू लागल्या, तर पाहुणा किती मोठा हे बघू नकोस. त्या खोलीवर त्यांना पुन्हा धाडायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समितीवरच्या माणसांची नावं, नंबर कपडे बदलायच्या खोलीत मराठीत आणि हिंदीत लाव. मालक "कशाला वाढवता?" म्हणाले, तरी मावशींना तक्रार करायची असेल तर त्यांच्याबरोबर तू जा.