ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली?

वसमतकडच्या एका हळद उत्पादकाची वरची दाढ ऐन काढणीत ठणकू लागली. थंड पाणी लागलं की कळ उठायची आणि बराच वेळ राहायची. रात्री आडवं झालं की जास्तच. लवंग झाली, मेडिकलवरच्या गोळ्या झाल्या. मग एक दिवस ठणका आपोआप थांबला. सगळे निश्चिंत झाले, पण दाढेतली नस मेली होती आणि जंतू मुळांच्या टोकाकडे सरकत होते. पोळ्याच्या सुमारास गाल सुजला.

रूट कॅनाल झालं, सूज ओसरली. तरी भाकरीचा घास चावला की दाढ दुखायचीच. 'काढूनच टाका,' असं चौघांनी सांगितलं. हे शेतकरी मात्र नांदेडला रूट कॅनाल तज्ज्ञाकडे गेले. तिथं सूक्ष्मदर्शकाखाली दाढेची चौथी नळी सापडली. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन असली, तरी गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा आणखी एक, केसासारखी बारीक नळी असते. साध्या एक्स-रेत ती शेजारच्या नळीमागे झाकली जाते. ती साफ व्हायची राहिली, की जंतूंना घर मिळतं. ती न सापडणं म्हणजे निष्काळजीपणाच, असंही नाही.

आता मोंढ्यात कुणी गाल धरून दिसला, की ते त्याला थांबवून विचारपूस करतात. साधं रूट कॅनाल बीडीएस डॉक्टरही उत्तम करतात, हे ते आधी सांगतात. पण नळ्या वाकड्या किंवा बुजलेल्या असतील, आत सुईचा तुकडा अडकला असेल, किंवा उपचारानंतरही दुखणं जात नसेल, तर तज्ज्ञच गाठावा. पाटीवर नुसती 'एमडीएस' ही पदव्युत्तर पदवी पाहून भागत नाही. वेडेवाकडे दात सरळ करणारेही एमडीएसच असतात. विषय विचारावा: कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. जुने एक्स-रे सोबत न्यावेत. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा, लावणार का, हेही विचारावं. त्यामुळे लाळेतले जंतू आत जात नाहीत आणि बारीक सुई घशात पडण्याची भीती राहत नाही.

सूज मानेकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तज्ज्ञाची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठावं.