"ठेवून जा, खपला की पैसे देतो": जांगड मालाचा करार कसा करायचा?

व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, म्हणून इथे जरा नीट लिहितोय.

समजा, तुम्ही सातपूरला चिवडा बनवता. कॉलेज रोडचा दुकानदार म्हणतो, "100 पाकिटं ठेवून जा, खपला की पैसे देतो." विक्री झाली का? नाही! वस्तू विक्री कायदा, 1930 चं कलम 24 सांगतं की दुकानदाराने माल विकेपर्यंत किंवा पसंत असल्याचं कळवेपर्यंत मालकी तुमचीच. आणि कलम 26 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर ज्याची मालकी, त्याचं नुकसान. उंदरांनी पाकिटं कुरतडली तर फटका बहुधा तुम्हालाच. दुकानदाराचा निष्काळजीपणा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग भांडण आलंच.

उपाय सोपा आहे. परतीची तारीख लिहून घ्या. ठरलेली मुदत उलटली आणि दुकानदाराने "माल नको" असं कळवलं नाही, की मालकी त्याच्याकडे गेली आणि तुमचं बिल पक्कं झालं. मुदतच ठरली नसेल तर कायदा 'वाजवी वेळ' धरतो. आता वाजवी म्हणजे किती? चिवड्याला एक, येवल्याच्या पैठणीला दुसरी. हे कोर्टात ठरवत बसण्यापेक्षा "20 दिवस" एवढं लिहिलेलं बरं. सोबत हेही लिहा: दुकानात असताना फुटला, भिजला, तर कोणाचा?

पैशांचं बघू. तुम्ही स्वतः उत्पादन करत असाल तर माल द्यायच्या आधीच उद्यम नोंदणी करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, तारीख ठरली नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि लेखी ठरली असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. 90 दिवसांच्या उधारीवर सही केलीत तरी मर्यादा 45 चीच! उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनी यावर विसंबू नये. त्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती.

स्टॅम्प पेपर नाही म्हणून अडू नका. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर "मान्य" लिहिलं तरी करार होऊ शकतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ बघा. चॅट मात्र डिलीट करू नका.

आणि मोठ्या दुकानाची छापील ऑर्डर आली तर मागची बारीक अक्षरं वाचाच. तिथे "वाद फक्त मुंबई न्यायालयात" असं असेल, तर सही करण्याआधी "नाशिक" करून मागा.