सांता जुस्ताचा उद्वाहक

दिल्लीच्या पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याला 'तुमचा पहाड कोठे आहे?' असे विचारले, तर तो बहुधा हसेल. नावातील पहाड म्हणजे जवळची रायसीना टेकडी, असे सांगतात. वस्तीत मात्र चढ जाणवत नाही.

लिस्बनची गोष्ट उलटी. गोव्याचा कारभार १९६१ पर्यंत ज्या राजधानीतून चाले, ती ही नगरी टेकड्यांवर वसली आहे. बायशा हा तिचा सखल बाजारभाग आणि त्याला लागूनच कार्मोची उंच वस्ती. ही चढण टाळता यावी म्हणून १० जुलै १९०२ रोजी एक लोखंडी बुरूज लोकांसाठी खुला झाला. हाच सांता जुस्ताचा उद्वाहक, म्हणजे सार्वजनिक लिफ्ट. राउल मेस्निये दु पोन्सार या अभियंत्याने तो उभारला. उंची सुमारे ४५ मीटर. आरंभी वाफेवर चालणारे यंत्र १९०७ साली विजेवर आले. वरच्या टोकापासून एक पूल थेट कार्मोकडे जातो.

पण पाहणाऱ्याचे पाय पुलाकडे न वळता गोल जिन्याने माथ्यावरील सज्जाकडे वळतात. समोर साऊं जॉर्जचा किल्ला, उजवीकडे तेजो नदी, पायाशी पट्टीने आखल्यासारखे रस्ते. जुन्या शहरात असे सरळ रस्ते कसे? १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात हा भाग कोसळला आणि पुढे नव्याने आखला गेला. मागे वळावे, तर कार्मोच्या चर्चच्या उघड्या कमानी दिसतात. त्यांवर छप्पर पुन्हा चढलेच नाही.

२००२ साली हा उद्वाहक राष्ट्रीय स्मारक ठरला. किल्ला जपणे वेगळे आणि माणसे वाहणारे स्मारक जपणे वेगळे. येथे रंगरंगोटीने भागत नाही. त्याच वर्षी स्मारक ठरलेल्या, त्याच शहरातील ग्लोरिया रज्जुमार्गाच्या दोन डब्यांना जोडणारी पोलादी दोरी ३ सप्टेंबर २०२५ रोजी सुटली आणि १६ जणांचा मृत्यू झाला.

दिल्लीनेही असे दुःख पाहिले आहे. ४ डिसेंबर १९८१ रोजी कुतुबमिनारातील दिवे गेले. अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण दगावले. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. तेव्हापासून तो जिना लोकांसाठी बंद आहे.

कृती : आपल्या परिसरातील एखादी लिफ्ट पाहा. एका वेळी किती माणसांनी जावे, हे आत लिहिलेले असते. शेवटची तपासणी कधी झाली, हेही लिहिले आहे का, ते शोधा आणि पाच वाक्यांत लिहा.